अंजिराला नख

धाकट्या भावाचे पत्र आले तेव्हा अंजिराची शेवटची पाने गळत होती. ग्रंथपालांनी ते लागोपाठ तीनदा वाचले, चष्मा पुसून आणखी एकदा वाचले, आणि उत्तर उद्या लिहू असे म्हणून जाड शब्दकोशात ठेवून दिले. आता हिवाळा सरत आला होता. पत्र अजून शब्दकोशातच होते. एखाद्या शब्दाचा अर्थ अडला तर ग्रंथपाल शब्दकोश न उघडता तो शब्दच सोडून देत.

पत्र काही मोठे नव्हते. "दादा, मी दिलेलं अंजीर जगलं का? जगलं असेल तर पालवी फुटताना बघायला येईन म्हणतो. मेलं असेल तर तसं कळव. काहीच कळवलं नाहीस तर मी काय ते समजेन."

"काय ते म्हणजे काय?" ग्रंथपाल बायकोला विचारत.

"काय ते म्हणजे काय ते."

"पण जगलं असं समजेल, मेलं असं समजेल, की मला त्याच्याशी बोलायचंच नाही असं समजेल?"

"फोन करून विचारा ना!"

"पत्राला फोननं उत्तर देतात होय?"

खरे तर फोनचाच घोटाळा होता. दोन वर्षांपूर्वी धाकट्याच्या घरी, चार पाहुण्यांच्या देखत, ग्रंथपालांनी त्याच्या अंजिराच्या छाटणीत चूक काढली होती. धाकट्याचे सारे आयुष्य झाडे लावण्यात गेले होते. ग्रंथपालांनी त्यावरचे पुस्तक आदल्या रात्री वाचले होते. धाकट्याने कात्री आणली, अंजिराची एक फांदी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि थोरल्या भावाच्या हातात ठेवली. "घे दादा. पुस्तकात बघून जगव." त्यानंतर फोन आधी कुणी करायचा, यावर दोघांचे बोलणे बंद पडले होते. त्या बंद दारातून सरकवलेले हे पहिले पत्र, आणि त्याला उत्तर द्यायचे तर आधी एका काठीच्या मनात काय आहे ते कळायला हवे होते.

कारण अंजीर आता काठीच दिसत होते. इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत प्रत्येक घराला एकेक वाफा दिलेला होता. ग्रंथपालांचा वाफा कोपऱ्यातला, भिंतीलगतचा. त्यात कमरेएवढी उंच, करडी, दोन फाटे फुटलेली काठी उभी होती. पहिल्या वर्षी तिने पाच पाने दिली, दुसऱ्या वर्षी बरीच दिली, आणि या थंडीत सगळी टाकून देऊन ती अशी गप्प झाली होती की तिच्याकडे बघताना ग्रंथपालांना धाकट्याचीच आठवण येई.

"जगलं असं लिहिलं, तो आला, आणि ही काठी बघितली तर?" ते म्हणत. "बरं, मेलं असं लिहिलं आणि चार दिवसांनी पान फुटलं तर?"

"तर दुसरं पत्र लिहा."

"पहिलं लिहून होत नाही आणि तू मला दुसऱ्याचं सांगतेस!"

थंडी ओसरू लागली तशी बागेत माणसे लवकर उतरू लागली. या दिवसांत तिथे कुणी कुणाला 'कसं काय' विचारत नसे. "काही हाललं का?" असेच विचारत. पहिल्या मजल्यावर राहणारे दाताचे डॉक्टर गुलाबासमोर उकिडवे बसून, रुग्णाला 'आ करा' म्हणावे तशा अपेक्षेने फांदीवरच्या प्रत्येक मिटलेल्या डोळ्याकडे पाहत. समोरच्या जिन्यातल्या टेलरबाई पुदिन्याच्या वाफ्यातली माती बोटाने बाजूला करून, लपवून ठेवलेले काहीतरी सापडावे तशा हळूच हसत. आणि बाग समितीचे अध्यक्ष हात मागे बांधून सगळ्यांच्या वाफ्यांची पाहणी करत. अध्यक्षांची सारी नोकरी गोदामात गेली होती. जी वस्तू हालत नाही ती जागा अडवते, एवढे एकच तत्त्व त्यांनी तिथून आणले होते, पण ते त्यांना सगळीकडे पुरत असे.

"ग्रंथपाल, तुमचं काही हाललं का?" त्यांनी एका सकाळी विचारले.

"अजून तरी... म्हणजे, नक्की सांगता येत नाही."

"येत्या रविवारी सफाई. नियम माहीत आहे ना? ज्याला तोवर फुटवा नाही ते उपटायचं. तुमचा कोपरा खताच्या खड्ड्याला फार सोयीचा आहे."

"पण अंजीर जरा उशिरा उठतं. पुस्तकात—"

"पुस्तकातली झाडं पुस्तकात राहतात. ती जागा अडवत नाहीत."

अध्यक्ष गेल्यावर डॉक्टर गुलाबापासून उठले आणि गुडघे झटकत जवळ आले. "एवढं काय मनाला लावून घेता? नखानं जरा साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर आटोपलं. दोन सेकंदांचं काम."

"नख?" ग्रंथपालांनी हात पाठीमागे घेतला.

"त्याला काही कळत नाही हो."

"त्याला नसेल कळत. मला कळेल ना."

"अहो, कळण्यासाठीच तर खरवडायचं!"

"उद्या बघू," ग्रंथपाल म्हणाले. पत्राच्या उत्तराबद्दलही ते रोज 'उद्या'च म्हणत, हे डॉक्टरांना कुठून माहीत असणार?

पण डॉक्टरांना चैन पडेना. कुणाच्या तरी तोंडात एक संशयास्पद दाढ आहे आणि तो माणूस तोंडच उघडत नाही, अशी त्यांची अवस्था झाली. दवाखान्यात दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर ती काठी येत राहिली. त्यांची नखे धंद्यामुळे अगदी बारीक कापलेली असत. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे ते दात टोकरायची बारीक सळई खिशात घालून खाली उतरले, इकडेतिकडे पाहिले आणि सालीवर एक रेघ ओढली. खाली हिरवट दिसले. म्हणजे हिरवेच म्हणायचे की पिवळट, हे उजेड कमी असल्यामुळे नीट कळेना. त्यांनी आणखी एक रेघ ओढली. मग एक जरा वरच्या बाजूला.

हे ग्रंथपालांना सांगणे शक्य नव्हते, कारण त्यांनी नको म्हटले होते. पण कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना, म्हणून त्यांनी टेलरबाईंना सांगितले. "हिरवं आहे. जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे?" टेलरबाई म्हणाल्या. रंगाच्या बाबतीत त्या जवळजवळ हा शब्द चालवून घेत नसत. "डॉक्टर, तुम्ही परवा मोरपंखी पँटला निळा दोरा आणून दिला होतात. तुमच्या हिरव्यावर मी कसा विश्वास ठेवू?"

त्या दिवशी दुपारी टेलरबाई डब्यातून हिरव्या दोऱ्यांची रिळे घेऊन खाली आल्या. अंगठ्याच्या नखाने त्यांनी साल जराशी काढली, एकेक रीळ शेजारी धरून पाहिले आणि डोके हलवले. शेवाळी जुळेना, पिस्ता जुळेना. सावलीत एक दिसे, उन्हात वेगळेच दिसे. तेव्हा त्यांनी सावलीच्या बाजूला एकदा आणि उन्हाच्या बाजूला एकदा असे पुन्हा पाहिले. कापड घेताना दोन्ही बाजू बघतात, तसे.

अध्यक्षही आले. त्यांना कुणी काही सांगितले नव्हते. अवजारांच्या खोलीला कुलूप लावताना दूरवरून त्यांनी टेलरबाईंना रिळांसकट पाहिले होते. काठी मेलेली निघावी अशी त्यांची प्रामाणिक इच्छा होती. त्यांनी खोलीच्या किल्लीने सालीचा एक चांगला रुंद पट्टा काढला. खाली हिरवे दिसले. अध्यक्षांना ते पटले नाही. मालाच्या एका पेटीवरून सगळा माल कसा आहे ते ठरवत नाहीत. त्यांनी खाली एक, वर एक आणि फाट्यावर एक अशा आणखी पेट्या उघडून पाहिल्या. सगळीकडे हिरवेच. तेव्हा किल्ली पुसून ते कुणालाही काही न बोलता वर निघून गेले.

ग्रंथपाल संध्याकाळी पाणी घालायला आले आणि तिथेच थबकले.

काठीवर जखमा होत्या. काही अर्धचंद्रासारख्या, काही केसासारख्या बारीक आणि सरळ, तर काही रुंद, दोन बोटे लांबीच्या. ते वाकून पाहू लागले, मग गुडघ्यांवर बसले, मग वरून भिंग घेऊन आले. माणसाच्या हातून असे काही होईल ही शंकासुद्धा त्यांना शिवली नाही. नको म्हटलेली गोष्ट माणसे करत नाहीत, असा त्यांचा समज होता, कारण ते स्वतः कधी करत नसत. त्यांनी फळझाडांच्या किडींवरची तीन पुस्तके काढली. एकाही किडीचे दात या जखमांशी जुळेनात. रात्रीच्या जेवणात त्यांचे लक्ष नव्हते.

"ही नवी कीड आहे," ते बायकोला म्हणाले. "हिच्या तीन अवस्था दिसतात. बारीक रेघा ओढते ती अळी. अर्धचंद्र कुरतडतो तो पूर्ण वाढलेला किडा."

"आणि रुंद पट्टे?" बायकोने भाकरीचा तुकडा मोडत विचारले.

"ती मादी असावी."

बायकोला ठसका लागला. ग्रंथपालांनी तिला पाणी दिले. ती पाणी प्यायली, एकदा त्यांच्याकडे पाहून पुन्हा भाकरी मोडू लागली.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर ग्रंथपालांच्या मोत्यासारख्या अक्षरात सूचना लागली. बागेत अनोळखी कीड आढळली आहे, सर्वांनी आपापली झाडे तपासावी, कुणाला ती प्रत्यक्ष दिसल्यास कृपया वर येऊन सांगावे. सूचनेखाली त्यांनी तिन्ही खुणांची चित्रे काढली होती. चित्रे अतिशय हुबेहूब होती. डॉक्टरांनी आपली रेघ ताबडतोब ओळखली.

त्या क्षणी कुणी हसून 'अहो, तो मी होतो' म्हणाले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण डॉक्टर फळ्यासमोर उभे असताना मागून टेलरबाई आल्या, आणि त्यांच्या मागून अध्यक्ष आले, आणि प्रत्येकाला वाटले की आपल्याला माहीत असलेल्या खुणा सोडून बाकीच्या खरोखरच किड्याच्या आहेत.

"भयंकर आहे," डॉक्टर म्हणाले.

"मला तर रात्री करकर असा आवाज पण आला," टेलरबाई म्हणाल्या. इतके सांगायची गरज नव्हती, हे त्यांना सांगितल्यावर कळले.

ग्रंथपाल खडू घेऊन जिन्यावरून उतरतच होते. "करकर? कुठून? किती वेळ?" त्यांचा चेहरा उजळला. "डॉक्टर, बरं झालं भेटलात. दातांचं तुम्हाला कळतं. या खुणा दातांच्याच आहेत ना?"

डॉक्टरांनी चित्राकडे बघत बराच वेळ हनुवटी चोळली. "दातांशी... संबंध आहे, असं म्हणता येईल."

"बघा!" ग्रंथपाल म्हणाले. आपल्या तर्काला कुणी दुजोरा दिल्याची त्यांना सवय नव्हती. त्या आनंदात अध्यक्षांचे डोळे कसे चमकले ते त्यांच्या लक्षात आले नाही.

"कीड," अध्यक्ष सावकाश म्हणाले. "म्हणजे रविवारची वाट बघण्यात अर्थ नाही. कीड लागलेला माल गोदामात एक रात्रही ठेवत नाहीत. आज संध्याकाळी बैठक घेऊ. उपटायचं आणि जाळायचं."

ग्रंथपालांच्या हातातला खडू खाली पडला. आपल्या झाडाविरुद्ध आपणच फिर्याद लिहून, वर त्याची चित्रे काढून दिली, हे त्यांच्या आता ध्यानात आले.

दिवसभर ते शब्दकोशासमोर बसून राहिले. अखेर उत्तर ठरल्यात जमा होते. झाड मेले असे कळवायचे. फक्त ते आपोआप मेले नाही, आम्ही ठराव करून जाळले, हे कसे लिहायचे एवढाच प्रश्न होता. असे पत्र वाचून धाकटा काय ते समजेल, आणि या वेळी त्याला काय समजेल याबद्दल ग्रंथपालांनाही शंका नव्हती. पालवी बघायला तो येणार नाही. पुन्हा पत्रही लिहिणार नाही.

बैठक ग्रंथपालांच्याच घरी भरली, कारण पुस्तके तिथे होती. अध्यक्ष खुर्चीत, डॉक्टर आणि टेलरबाई पलंगाच्या कडेला. ग्रंथपाल उभेच होते. आपल्याच घरात आपण कुठे बसायचे, हे त्यांना चार माणसे आली की सुचत नसे.

"मला एवढंच म्हणायचंय," ते म्हणाले, "की जाळण्याआधी कीड कोणती ते तरी कळू दे. म्हणजे माझ्या भावाला मला नीट लिहिता येईल."

"जाळायची घाई नको, हे माझंही मत आहे," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. बोलता बोलता ते उजव्या हाताचा अंगठा पँटवर घासत होते.

"मलाही नको वाटतं," टेलरबाई म्हणाल्या. "तो करकर आवाज कदाचित माझ्या मशीनचा पण असेल." त्या अंगठा पदराच्या काठात गुंडाळून चोळत होत्या.

"भावनेनं बाग चालत नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि किल्लीच्या दात्याने तळहात खसाखसा खाजवला.

ग्रंथपालांनी चष्मा वर सरकवला. "तुम्हाला काय होतंय?"

"कुठं काय?"

"तुम्ही तिघंही खाजवताय."

तिघांचे हात एकदम थांबले. मग थोड्या वेळाने, तिघांच्याही नकळत, पुन्हा सुरू झाले. ग्रंथपाल भिंग घेऊन पुढे झाले. डॉक्टरांचा अंगठा लाल, टेलरबाईंचा लाल आणि जरासा सुजलेला, अध्यक्षांच्या तळहातावर किल्लीच्या आकाराचा चट्टा.

"अरे देवा," ग्रंथपाल पुटपुटले. "ती माणसालाही चावते!"

"ऐकलंत?" अध्यक्ष ताडकन उठले. "आत्ताच्या आत्ता जाळा!"

"थांबा, थांबा," ग्रंथपाल म्हणाले. भीती वाटायची तिथे त्यांना कुतूहल वाटू लागले होते, आणि कुतूहल वाटले की ते संकोच विसरत. "रोज दोन वेळा मी त्या झाडापाशी असतो. काल तासभर भिंग लावून बसलो होतो. मला का नाही चावली? माझ्याच वाफ्यातली कीड मला सोडून शेजाऱ्यांना शोधत वर का येईल? आणि तिघांनाही हातालाच?"

डॉक्टर छताकडे पाहू लागले. तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रे तिने डाव्या हातावर तोलून धरला होता. उजवा अंगठा तेलात माखलेला होता आणि टोमॅटोसारखा लाल झाला होता.

"तुलाही?" ग्रंथपाल ओरडले.

बायकोने आपल्या अंगठ्याकडे पाहिले, मग डॉक्टरांच्या, मग टेलरबाईंच्या, मग अध्यक्षांच्या तळहाताकडे. ट्रे टेबलावर ठेवून ती मटकन खाली बसली.

"अगंबाई! म्हणजे तुम्ही सगळेच?"

"मी फक्त एकदा," टेलरबाई म्हणाल्या. "म्हणजे सावलीत एकदा आणि उन्हात एकदा. आणि नंतर परत, नवीन रीळ आणलं म्हणून."

"माझं वैद्यकीय कारण होतं," डॉक्टर म्हणाले. "पहिल्यांदा. नंतर... नंतर असंच."

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांनी किल्ली खिशात घातली.

"पाहणी करणं माझं कर्तव्य आहे," ते म्हणाले.

ग्रंथपालांना सगळे उलगडायला जरा वेळ लागला. अळी, पूर्ण वाढलेला किडा आणि मादी असे तिघेही आपल्या खोलीत बसून चहा पीत आहेत, हे पचायला अवघडच होते. "आणि तू?" ते बायकोकडे वळले. "तू कशाला?"

"मी तर पहिल्यापासून," ती म्हणाली. "पानं गळाली तेव्हापासून. सकाळी दूध आणायला जाताना एकदा नख लावून बघायचं, तुम्हाला दिसू नये म्हणून वर माती चोळायची आणि पुढं जायचं. तुम्ही उत्तर लिहीत नव्हता. म्हटलं, मेलं असेल तर आधी मला कळू दे. तुम्हाला कसं सांगायचं ते ठरवायला वेळ मिळेल."

"आणि काय दिसायचं?"

"हिरवं. रोज हिरवं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"म्हटलं, आज आहे. उद्या नसलं तर?"

इतकी वर्षे संसार केल्यावर माणसाचे काहीतरी समोरच्याला लागतेच. आपले नेमके हेच तिला लागावे, याचे ग्रंथपालांना वाईट वाटले आणि थोडे बरेही वाटले.

"मग एवढे दिवस तुम्हाला खाज कशी नाही सुटली?" डॉक्टरांनी अंगठा चहाच्या कपाला टेकवत विचारले. "आम्हाला तर कालपासून बसवत नाही."

"मला पण कालच. याआधी कधीच नाही. काल पहिल्यांदा बोट चिकटलं. पांढरं काहीतरी आलं बघा, दुधासारखं."

"काय म्हणालीस?" ग्रंथपाल म्हणाले.

"पांढरं. चिकट."

ग्रंथपालांनी पुस्तकांच्या कपाटाकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. हे बघायची गरज नव्हती. हे त्यांना येत होते. "चीक," ते म्हणाले. "अंजिराचा चीक. कातडीला लागला की खाज सुटते. थंडीत झाड झोपलेलं असतं तेव्हा कितीही खरवडा, जेमतेम ओल लागते. तो असा वाहायला लागला, म्हणजे..." त्यांचा आवाज चिरकला. "महिनोन्‌महिने नाही आणि काल एकदम चौघांना! अहो, ते उठलंय! कालच उठलंय!"

सगळे एकदमच उठले. चहा तसाच राहिला. जिना उतरताना अध्यक्षही मागे राहिले नाहीत. दिवस मावळायचा होता. अंजीर आपल्या कोपऱ्यात उभे होते, इतके ओरबाडलेले, की आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे सगळे आपोआप हळू आवाजात बोलू लागले. वरच्या टोकाला डोळा अजून घट्ट मिटलेला होता. त्यावरून कुणालाच काही समजले नसते.

"जरा बघू का?" डॉक्टरांचा हात पुढे गेला.

"खबरदार!" ग्रंथपाल गरजले.

या माणसाला असा आवाज आहे हे इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हते, त्यांना स्वतःलाही नव्हते. डॉक्टरांनी हात खिशात घातला. अध्यक्षांनी दोन्ही हात मागे बांधले. ग्रंथपाल गुडघ्यांवर बसले आणि बोटाएवढी तरी धड साल कुठे उरली आहे का ते शोधू लागले. बऱ्याच वेळाने मातीलगत, भिंतीच्या बाजूला, ती सापडली. त्यांनी अंगठा टेकवला. पुन्हा उचलला.

"लावा हो," बायको म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी लावलंय."

त्यांनी डोळे मिटून नख लावले. उघडले तेव्हा सालीवर दुधाचा एक थेंब उभा होता. पाहता पाहता तो फुगला आणि ओघळला.

"तरीसुद्धा," अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "नियमाप्रमाणे झाडावर फुटवा दिसला पाहिजे. वसंताचं काही चिन्ह दिसलं पाहिजे."

टेलरबाईंनी आपला लाल अंगठा त्यांच्या नाकासमोर धरला. "हे काय, दिसतंय ना? तुमच्याही हातावर उमटलंय. आता तुम्हीच तुमचा हात उपटणार असाल तर उपटा."

अध्यक्षांनी तळहाताकडे पाहिले. खताच्या खड्ड्याला डॉक्टरांच्या गुलाबामागची जागाही वाईट नाही, असे ते जाता जाता म्हणाले. त्यावर डॉक्टर आणि ते बराच वेळ भांडत राहिले, पण तो निराळा विषय.

ग्रंथपाल वर आले आणि हातसुद्धा न धुता टेबलापाशी बसले. शब्दकोश उघडला, पत्र काढले, कोरा कागद घेतला. 'अंजीर जिवंत असावे' एवढे लिहून त्यांनी पेन खाली ठेवले.

बायको मागे उभी होती. "असावे?"

"म्हणजे, सकृद्दर्शनी—"

तिने तेलकट बोट त्या शब्दावर ठेवले. शाई पसरली. ग्रंथपालांनी नवा कागद घेतला आणि या वेळी मध्ये न थांबता लिहिले:

"अंजीर जिवंत आहे. वरून अजून काही दिसत नाही, पण आतून चालू झालं आहे. पानं फुटतील तेव्हा तू ये. लवकर आलास तर जास्त बरं. एक विनंती, आल्यावर त्याला नखानं खरवडून बघू नकोस. तेवढी जागा उरलेली नाही. का ते तू आल्यावर सांगतो. — दादा."

सकाळी बागेत सफाई चालू असताना ते पाकीट घेऊन बाहेर पडले. टपालपेटी गल्लीच्या टोकाला होती. बायको, सहज म्हणून, चार पावले मागे चालत होती. ग्रंथपालांनी पाकीट पेटीच्या तोंडात अर्धे सरकवले आणि तिथेच धरून ठेवले. पत्ता बरोबर होता ना? तिकीट नीट चिकटले होते ना? 'लवकर आलास तर जास्त बरं' हे जरा जास्त तर झाले नाही ना? त्यांच्या अंगठ्याला खाज सुटली होती, पण खाजवायचे तर पाकीट सोडावे लागणार होते.

"अहो," बायको मागून म्हणाली, "आता त्यालाही नख लावून बघणार आहात का?"

ग्रंथपालांनी पाकीट सोडले. आत कुठेतरी खोल ते टपकन पडल्याचा आवाज आला, आणि मग दोघे तिथेच, भर गल्लीत उभे राहून, मनसोक्त अंगठे खाजवत राहिले.